सॉफ्टबॉल शिकताना: मैदानावरच्या जागा आणि मूलभूत कौशल्यं यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं फास्टपिच सॉफ्टबॉलविषयी आहेत, म्हणजे पिचर हात गोल फिरवून वेगाने चेंडू टाकतो तो प्रकार. मापं प्रौढांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांची आहेत, लहान वयोगटांत ती कमी होतात. वर्णन उजव्या हाताने फेकणाऱ्याचं आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलटवून वाचावं. जिथे त्यांचं गणितच वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

सॉफ्टबॉल म्हणजे छोट्या मैदानावरचं बेसबॉलच ना?

नियमांची चौकट तीच आहे, पण मैदान लहान झाल्याने खेळ संथ होत नाही, उलट घाईचा होतो. दोन बेसमधलं (धावपटूने एकामागून एक गाठायच्या ठाण्यांमधलं) अंतर १८.२९ मीटर (बेसबॉलमध्ये २७.४३). पिचरच्या पाटीपासून होम प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या पाटीपर्यंत, स्त्रियांसाठी १३.११ मीटर, पुरुषांसाठी १४.०२. डाव सात. चेंडू खांद्यावरून नव्हे, कमरेखालून टाकायचा. आणि पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत धावपटूने बेस सोडायचा नाही.

थोडा हिशेब करा. सरावलेला बॅटर होम प्लेटपासून पहिल्या बेसला साधारण तीन सेकंदांत पोहोचतो. जमिनीवरून मारलेला चेंडू शॉर्टस्टॉपपर्यंत (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकापर्यंत) यायला एक सेकंद लागला आणि तिथून पहिल्या बेसपर्यंतच्या फेकीला सव्वा सेकंद, तर चेंडू उचलून हातातून सोडायला शॉर्टस्टॉपकडे उरतो पाऊण सेकंद. चेंडू ग्लव्हमध्ये आल्यावर कुठे फेकायचा हे ठरवायला त्यात वेळच नाही. तो निर्णय पिच (पिचरची फेक) पडण्याआधी झालेला असावा लागतो. पुढच्या बहुतेक उत्तरांमागे हाच पाऊण सेकंद आहे.

नावात ‘सॉफ्ट’ आहे, म्हणजे चेंडू मऊ असतो का?

नाही. १८८७ मध्ये शिकागोत हा खेळ बंदिस्त जागेत पहिल्यांदा खेळला गेला तेव्हा बॉक्सिंगचा ग्लव्ह गुंडाळून चेंडू म्हणून वापरला होता. तो मऊपणा आता फक्त नावात उरला आहे. आजचा चेंडू १२ इंच, म्हणजे सुमारे ३०.५ सेंटिमीटर घेराचा, वजनाला १७८ ते १९८ ग्रॅम, पिवळाधमक आणि लाल शिवणीचा असतो. तोंडावर बसला तर दात जातो. लहान मुलांना ११ इंची चेंडू द्यावा, कारण मोठा चेंडू छोट्या बोटांत मावत नाही. मग मूल तो तळहातात धरून ढकलतं, आणि ही सवय पुढे काही केल्या सुटत नाही.

सुरुवातीला काय काय घ्यावं लागतं?

ग्लव्ह, बॅट, बॅटिंगचं हेल्मेट आणि खाली रबरी खिळे असलेले बूट. ग्लव्ह ज्या हाताने फेकत नाही त्या हातात घालायचा. हे उघड वाटतं, पण पहिल्या दिवशी निम्मे जण उलटा मागतात. इनफिल्डला (बेसभोवतीच्या आतल्या भागात) साडेअकरा ते बारा इंची ग्लव्ह पुरतो, कारण उथळ खिशातून चेंडू पटकन निघतो. आउटफिल्डला (त्यामागच्या मोकळ्या मैदानात) साडेबारा ते तेरा इंची, खोल खिशाचा. बेसबॉलचा लहान ग्लव्ह चालवून घेऊ नका, १२ इंची चेंडू त्याच्या कडेवरून उसळतो.

बॅटची लांबी ३४ इंचांहून आणि जाडी सव्वादोन इंचांहून जास्त नसावी. औंसांतलं वजन लांबीच्या इंचांपेक्षा कितीने कमी आहे तो आकडा बॅटवर ‘उणे १०’ असा छापलेला असतो. आकडा मोठा तितकी बॅट हलकी. बॅट एका हाताने खांद्याच्या रेषेत बाजूला आडवी धरून पंधरा-वीस सेकंद थांबा. टोक खाली झुकायला लागलं तर ती तुम्हाला जड आहे. जड बॅटने चेंडू लांब जातो हे खरं, पण आधी ती चेंडूला लागावी लागते.

नवा ग्लव्ह दगडासारखा आहे. कसा वळवायचा?

झेलून. दुसरा खरा उपाय नाही. जवळून मध्यम वेगाचे शे-दोनशे चेंडू रोज खिशाच्या एकाच जागी घेतले की आठ-दहा दिवसांत घडी पडते. चामड्याच्या तेलाचे दोन-चार थेंब कापडावर घेऊन सांध्यांना लावा. ओतलंत तर चामडं जड आणि ढिलं होतं. खेळ झाल्यावर खिशात चेंडू ठेवून पट्ट्याने बांधून ठेवा. उन्हात किंवा भट्टीत तापवण्याचे सल्ले ऐकू नका, दोऱ्या वाळून तुटतात.

नऊ जागा कोणत्या आणि त्यांना आकडे का असतात?

आकडे धावफलक लिहिण्यासाठी आहेत, पण खेळाडूही तेच बोलतात. १ पिचर, २ कॅचर (बॅटरच्या मागे बसणारा), ३ फर्स्ट बेस, ४ सेकंड बेस, ५ थर्ड बेस, ६ शॉर्टस्टॉप, ७ लेफ्ट फील्ड, ८ सेंटर फील्ड, ९ राइट फील्ड. ‘६-४-३’ म्हणजे शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून सेकंड बेसच्या खेळाडूला दिला आणि त्याने फर्स्टला फेकून दोन बाद केले.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे बेसवर पाय ठेवून उभं राहणं. नाव थर्ड बेस असलं तरी तुमची जागा बेसवर नाही. फर्स्ट आणि थर्ड बेसचे खेळाडू बंटच्या (बॅट न फिरवता चेंडू हलकेच जवळ पाडण्याच्या) धाकाने बेसच्या दोन-तीन मीटर पुढे, होम प्लेटच्या दिशेने उभे राहतात. सेकंड बेसचा खेळाडू पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या साधारण मध्ये, धावरेषेच्या दोन-तीन मीटर मागे; शॉर्टस्टॉप तसाच दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये. बेसवर जायचं ते चेंडू मारला गेल्यावर, आणि तेही तो तुमच्याकडे आला नाही तरच.

कोणाला कुठे खेळवायचं हे कसं ठरवावं?

शॉर्टस्टॉपला पाय आणि हात दोन्ही लागतात, म्हणून संघातला सगळ्यात भरवशाचा क्षेत्ररक्षक तिथे जातो. थर्ड बेसला पळ कमी चालते, पण अंगावर येणाऱ्या चेंडूपुढे डोकं न वळवणारा माणूस हवा. सेकंड बेसची फेक जवळची, त्यामुळे हात बेताचा असला तरी चालतो. मात्र बंटवेळी पहिला बेस त्याला धरायचा असतो, म्हणून डोकं जागेवर हवं. फर्स्ट बेसला उंची उपयोगी, पण त्याहून उपयोगी म्हणजे खराब फेक जमिनीवरून उचलण्याची हातोटी. सेंटर फील्डला सगळ्यात वेगवान धावणारा.

राइट फील्डला ‘ज्याला काही येत नाही तो’ पाठवण्याची रीत आम्हाला पटत नाही. इनफिल्डमधून फर्स्टकडे जाणाऱ्या प्रत्येक फेकीमागे धावणं हे त्याचं काम आहे. तो झोपला की एक चुकलेली फेक दोन बेसला पडते. शिवाय पहिला बेस इतका जवळ की उजवीकडे मारलेला जोरकस चेंडू एका टप्प्यात उचलून राइट फील्डर बॅटरला फर्स्टवरच बाद करू शकतो. बेसबॉलमध्ये हे क्वचित दिसतं.

डावखुऱ्याने कुठे खेळावं?

पिचर, फर्स्ट बेस आणि तिन्ही आउटफिल्ड. फर्स्टला तर फायदाच होतो, कारण ग्लव्ह उजव्या हातात, म्हणजे इनफिल्डच्या बाजूला येतो. सेकंड, थर्ड आणि शॉर्टस्टॉपला डावखुऱ्याला फर्स्टकडे फेकताना अंग पूर्ण वळवावं लागतं. त्यात अर्धा सेकंद जातो, आणि आपल्याकडे होता पाऊणच.

फोर्स आउट आणि टॅग यांत माझा नेहमी गोंधळ होतो.

एकच प्रश्न विचारा: धावपटूला पुढे जाणं भाग आहे का? मागचा माणूस त्याच्या बेसवर येतोय म्हणून त्याला जागा सोडावीच लागत असेल तर फोर्स. तेव्हा चेंडू हातात धरून पुढच्या बेसला पाय लावला की झालं. त्याला थांबायची मुभा असेल तर चेंडू असलेल्या ग्लव्हने किंवा हाताने त्याच्या अंगाला स्पर्श करावा लागतो; हा टॅग.

पहिल्या बेसवर धावपटू असताना जमिनीवरून फटका बसला तर दुसऱ्या बेसवर फोर्स आहे. फक्त दुसऱ्या बेसवर धावपटू असेल आणि पहिला रिकामा असेल, तर तिसऱ्या बेसवर फोर्स नाही. चकवा असा: फर्स्ट बेसच्या खेळाडूने चेंडू उचलून आधी आपला बेस लावला तर बॅटर बाद झाला आणि पुढच्याला ढकलणारं कुणी उरलं नाही. आता दुसऱ्या बेसवर टॅगच करावा लागेल, आणि हे तिथे चेंडू घेणाऱ्याला ओरडून सांगावं लागेल.

फेक कशी शिकावी?

पायांपासून. लहान हातासाठी तीन बोटं शिवणीवर आडवी, मोठ्या हातासाठी दोन. अंगठा खाली, आणि चेंडू व तळहात यांत थोडी फट. मागचा पाय लक्ष्याला आडवा ठेवा, ग्लव्हचा खांदा लक्ष्याकडे. पुढचं पाऊल सरळ लक्ष्याच्या दिशेने टाका. कोपर खांद्याच्या उंचीला किंवा किंचित वर. आधी कंबर वळते, मग खांदा, मग हात, शेवटी मनगट. चेंडू सुटल्यावर हात विरुद्ध मांडीपर्यंत खाली येऊ द्या. तो मध्येच अडवला तर सगळा धक्का खांद्यावर येतो.

सराव गुडघ्यावर बसून, पाच-सहा मीटरवरून सुरू करा, म्हणजे फक्त मनगट आणि कोपर काम करतील. मग उभं राहून दहा मीटर, मग बेसचं अंतर. अंतर वाढवल्यावर चेंडूला कमान यायला लागली तर एक पायरी मागे या.

माझी फेक कधी डोक्यावरून जाते, कधी जमिनीवर आपटते. का?

वर गेली तर चेंडू लवकर सुटला, आपटली तर उशिरा. बाजूला जात असेल तर चेंडू पाहू नका, पुढच्या पायाचा ठसा पाहा. बहुधा तोही त्याच बाजूला पडलेला असतो. चेंडू निघतो सरळ पण वाटेत वळतो, असं होत असेल तर बोटं शिवणीच्या मागे नसून कडेला आहेत. चेंडूवर शिवणीभोवती एक जाड पट्टा रंगवा आणि फेका: पट्टा स्थिर रेघेसारखा दिसला तर पकड बरोबर, डगमगला तर चूक. याला प्रशिक्षकही लागत नाही.

जमिनीवरून येणारा चेंडू पायांमधून निघून जातो. काय चुकतं?

बहुतेक वेळा माणूस कमरेतून वाकतो, गुडघ्यांतून नाही. मग ग्लव्ह जमिनीपासून चार बोटं वर राहतो आणि चेंडू खालून निसटतो. पाय खांद्यांपेक्षा रुंद, डावा किंचित पुढे, बसकण खाली, पाठ जवळजवळ आडवी. ग्लव्ह आधी जमिनीला टेकवा, मग गरज पडली तर वर आणा. उसळलेल्या चेंडूबरोबर हात वर नेणं सोपं असतं, घुसलेल्या चेंडूमागे खाली नेणं जमत नाही. चेंडू दोन पायांच्या मध्ये नव्हे, नाकाच्या पुढे हातभर अंतरावर घ्यायचा. पायांखाली घेतलात तर तो ग्लव्हमध्ये जाताना दिसतच नाही. उघडा हात ग्लव्हच्या वर, मगरीच्या जबड्यासारखा: उसळी तोंडाकडे आली तर तो अडवतो आणि फेकीसाठी चेंडू लगेच हाताशी असतो.

दुसरी चूक वाट पाहण्याची. मागे थांबलात तर उसळी चेंडूच्या मर्जीने येते, पुढे गेलात तर तुमच्या. उसळीच्या माथ्यावर किंवा टप्पा पडल्या पडल्या घ्या. मधली उसळी, जी मांडीपाशी येते, ती सगळ्यात वाईट. आणि पिच पडत असताना टाचा उचललेल्या असाव्यात. टाचांवर उभा असलेला माणूस पहिलं पाऊल टाकेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो.

उंच चेंडूखाली नेमकं कसं जायचं?

पहिलं पाऊल मागे. चेंडू डोक्यावरून जाणार असं वाटलं की ज्या बाजूला जातोय त्या बाजूचा पाय मागे टाकून वळा आणि पळा. उलट्या पावलांनी मागे जाऊ नका, त्यात वेग नाही आणि पडण्याची हमी आहे. पळताना ग्लव्ह पुढे करून पळू नका, हात शेवटच्या दोन पावलांत वर जातो. चेंडू छातीच्या वर असेल तर दोन्ही अंगठे एकमेकांकडे, कमरेखाली असेल तर करंगळ्या एकमेकांकडे. शक्य तेव्हा फेकणाऱ्या खांद्यावर, कपाळासमोर घ्या. सूर्य डोळ्यांत येत असेल तर ग्लव्हनेच तो झाका आणि चेंडूकडे कडेने पाहा.

ओरडणं ही कौशल्याचीच बाब आहे. ‘माझा, माझा, माझा’ असं तीनदा, आणि चेंडू खाली यायला लागल्यावर. वर चढत असताना कुणालाच काही कळत नसतं. दोघे ओरडले तर सेंटर फील्डरचा हक्क सगळ्यांवर, आणि कुठल्याही आउटफिल्डरचा हक्क इनफिल्डरवर, कारण पुढे धावत येणाऱ्याला चेंडू समोर दिसतो.

फर्स्ट बेसवर चेंडू घेताना पाय कुठे ठेवायचा?

बेसच्या आतल्या कडेला पायाचा पुढचा भाग टेकवायचा, मधोमध नाही. मध्ये ठेवलात तर धावपटू घोट्यावर पाय देईल. आधी बेसपाशी पोहोचा, वळा, दोन्ही टाचा बेसजवळ ठेवा आणि फेकीची वाट पाहा. फेक कुठे येते हे दिसल्यावरच लांब पाऊल टाका. आधीच ताणून उभं राहिलात तर चेंडू बाजूला आल्यावर सरकता येत नाही. फेक फारच बाहेर असेल तर बेस सोडा आणि चेंडू अडवा. एक धावपटू फर्स्टवर असणं परवडतं, चेंडू कुंपणाला असणं परवडत नाही.

मोठ्या स्पर्धांत पहिला बेस दुहेरी असतो: पांढरा भाग मैदानात, केशरी फाउलच्या बाजूला, म्हणजे रेषेबाहेर. जवळच्या चुरशीत क्षेत्ररक्षक पांढऱ्याला पाय लावतो आणि बॅटर केशरीला, म्हणजे पायांची टक्कर होत नाही.

बंट आला की सगळे चेंडूकडे धावतात आणि बेस रिकामे राहतात.

शिकणाऱ्या संघाचा सगळ्यात मोठा रोग हाच. पहिल्या बेसवर धावपटू आहे असं धरा. फर्स्ट, थर्ड आणि पिचर पुढे धावतात, शिवाय कॅचर समोरचा चेंडू पाहतो. सेकंड बेसचा खेळाडू पहिल्या बेसकडे, शॉर्टस्टॉप दुसऱ्याकडे. राइट फील्डर पहिल्यामागे, सेंटर दुसऱ्यामागे, लेफ्ट फील्डर रिकाम्या तिसऱ्याच्या दिशेने. चेंडू उचलणाऱ्याची पाठ बेसकडे असते, म्हणून कुठे फेकायचं ते कॅचर ओरडून सांगतो. त्याच्या एकट्याच्या समोर सगळं मैदान असतं. शंका असेल तर पहिला बेस. पुढचा धावपटू मिळवण्याच्या हावेने दोघेही सेफ होतात.

थांबलेला चेंडू उघड्या हाताने, वरून दाबून उचला. अजून घरंगळत असेल तर ग्लव्ह आणि हात दोन्ही.

चेंडू माझ्याकडे आलाच नाही तर मी काय करायचं?

कुठेतरी धावायचं. प्रत्येक फटक्यावर नऊही जणांना काम असतं: चेंडू उचलणं, बेस धरणं, मधली फेक घेणं किंवा कुणाच्या तरी मागे उभं राहणं. आउटफिल्डच्या डाव्या बाजूला चेंडू गेला तर शॉर्टस्टॉप मध्ये येऊन हात वर करून उभा राहतो, उजव्या बाजूला गेला तर सेकंड बेसचा खेळाडू. होमकडे फेक येत असेल तर पिचर वर्तुळात उभं राहून पाहत बसत नाही, कॅचरच्या मागे जातो. मागे म्हणजे चिकटून नव्हे: पाच-सहा मीटर मागे, फेकीच्या रेषेत. जवळ उभं राहिलात तर पुढच्याकडून सुटलेला चेंडू तुमच्याकडूनही सुटेल.

पिचिंग कसं सुरू करावं?

हाताच्या चक्रापासून नाही, मनगटापासून. भिंतीसमोर तीन मीटरवर आडवे उभे राहा, हात सैल खाली, आणि फक्त मनगटाच्या झटक्याने चेंडू भिंतीवर मारा. चेंडू मांडीच्या शेजारी सुटायला हवा. हे जमलं की हात खांद्याच्या उंचीपर्यंत मागे नेऊन सोडा. मग हात डोक्याच्या वर, डावा हात लक्ष्याकडे, पाय पसरलेले, अशा स्थितीतून खाली आणा. पूर्ण चक्र आणि पाऊल सगळ्यात शेवटी. घाई करून पहिल्याच आठवड्यात पूर्ण चक्र शिकवलं तर मूल हात फिरवतं खरं, पण चेंडू कोपराने ढकलतं.

पूर्ण कृती अशी: पाटीवर पाय ठेवून, हात वेगळे असताना कॅचरचा इशारा घ्या. मग दोन्ही हात चेंडूवर एकत्र आणून क्षणभर पूर्ण स्थिर व्हा. मागच्या पायाने पाटीला जोर देऊन पुढे झेप, हात कानाजवळून एक पूर्ण फेरा, पुढचा पाय थोडा आडवा टेकतो, कंबर त्याच्यावर आदळून थांबते आणि त्याच क्षणी नितंबाशेजारून चेंडू सुटतो. पाऊल ६१ सेंटिमीटर रुंदीच्या पाटीच्या रेषेतच पडावं. मागचा पाय घासत यावा. तो उचलून पुन्हा टेकवून नव्याने जोर घेतला तर पिच बेकायदा ठरते.

चेंडू सारखा उंच जातो, किंवा मध्येच जमिनीत घुसतो.

इथे खांद्यावरच्या फेकीच्या उलट नियम आहे. हात खालून वर जात असतो, म्हणून उशिरा सोडला तर चेंडू वर, लवकर सोडला तर खाली. पण केवळ ‘लवकर सोड’ म्हणून सुधारणा होत नाही. उंच जाणाऱ्याची छाती बहुधा मागे कललेली असते, खाली घुसणाऱ्याचं डोकं पुढे झुकलेलं असतं. आधी ते सरळ करा. चेंडू उजवीकडे-डावीकडे पांगत असेल तर हाताचं चक्र सरळ नाही. भिंतीला उजवा खांदा हातभर अंतरावर ठेवून हात रिकामा फिरवा: भिंतीला लागला तर चक्र बाहेर जातंय, मांडीला घासला तर आत.

स्ट्राइकच्या जागी (बॅटरला मारण्याजोग्या टप्प्यात) दहापैकी सहा-सात चेंडू पडेपर्यंत ड्रॉप, राइज, कर्व्ह अशा वळणाऱ्या चेंडूंच्या नादी लागू नका. दुसरा चेंडू शिकायचाच तर चेंजअप: हात तसाच वेगाने, चेंडू मात्र तळहातात खोल धरून किंवा हाताची मागची बाजू पुढे करून सोडलेला. हात हळू केला की बॅटरला कळतं. आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला किंवा दंडात दुखायला लागलं की तिथेच थांबा; कमरेखालची फेक खांद्याला फुकट पडते ही समजूत चुकीची आहे.

कॅचरची जागा कुणी घेत नाही. तिथे नेमकं काय शिकायचं?

आधी पोशाख: मास्कसह हेल्मेट, गळ्याचं, छातीचं आणि पायांचं संरक्षण. सरावातही, प्रत्येक वेळी. बॅटरच्या मागे इतकं बसा की तुमचा लांबवलेला ग्लव्ह त्याच्या मागच्या गुडघ्याजवळ येईल पण बॅट लागणार नाही. बॅट ग्लव्हला लागली तर चूक तुमची धरली जाते. बेस रिकामे असताना उघडा हात पाठीमागे किंवा घोट्यामागे. धावपटू असताना ग्लव्हच्या मागे मूठ करून. बोटं पुढे ठेवलीत तर फाउल टिपने (बॅटला निसटता लागून मागे आलेल्या चेंडूने) मोडतील.

टप्पा पडलेला चेंडू झेलायचा नसतो, अडवायचा असतो. दोन्ही गुडघे एकदम खाली, ग्लव्ह आधी मांड्यांमधल्या फटीत, हनुवटी छातीला, खांदे आत वळवलेले, म्हणजे चेंडू छातीला लागून समोर एक-दोन हातांवर पडतो. डोळे मिटून मान वळवणारा कॅचरच जखमी होतो, कारण मान वळवली की गळा उघडा पडतो. दुसऱ्या बेसकडची फेक २५.८६ मीटरची आहे. तिथे हाताच्या ताकदीपेक्षा चेंडू ग्लव्हमधून कानापर्यंत किती लवकर येतो याला महत्त्व आहे. तो धरायला बहुधा शॉर्टस्टॉप येतो.

बॅट चेंडूला लागतच नाही.

स्त्रियांच्या अंतरावरून पिचर झेप घेऊन चेंडू सोडतो तेव्हा प्लेट साधारण साडेअकरा मीटर उरते. ताशी ९० किलोमीटर वेग असेल तर चेंडू ०.४६ सेकंदांत पोहोचतो. म्हणून नजर पिचरच्या चेहऱ्यावर नको, चेंडू जिथून सुटतो त्या नितंबाच्या बाजूला हवी.

बॅट बोटांत धरा, तळहातात नाही. दार ठोठावताना टेकतात ते बोटांचे सांधे दोन्ही हातांचे साधारण एका रेषेत. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, भार मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, हात मागच्या खांद्याजवळ. पिचरचा हात वर जाताना थोडं मागे जा, आणि पुढचं पाऊल वीतभर, हलकं टाका. पाऊल चेंडू येण्याआधी पडलेलं असावं. मग मागचा गुडघा आणि कंबर वळते, हात चेंडूकडे आतल्या बाजूने सरळ जातात, आणि हनुवटी पुढच्या खांद्यावरून मागच्या खांद्यावर येते. डोकं हललं नाही तर ती आपोआप येते.

सतत चेंडूच्या वरून बॅट जात असेल तर डोकं लवकर उचललं जातंय. सतत खालून जात असेल आणि उंच पॉपअप होत असतील तर मागचा खांदा पडतोय. नेहमी उशीर होत असेल तर बॅट जड आहे किंवा हात शरीरापासून लांबून गोल येतात. पुढचं पाऊल मागे, थर्ड बेसकडे पडत असेल तर ती चेंडूची भीती आहे. तिथे तंत्र शिकवून उपयोग नाही, मऊ चेंडूने भीती घालवावी लागते. रोज टीवरून (चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावरून) पन्नास फटके: आतला चेंडू पुढच्या पायाच्या पुढे, मधला पायाच्या रेषेत, बाहेरचा त्याहून मागे ठेवून.

बंट करताना बोटं वाचवायची कशी?

वरचा हात बॅटवर वर सरकवा आणि तर्जनी-अंगठ्याने मागून चिमटीत धरा. बोटं बॅटच्या पुढे येता कामा नयेत. बॅट प्लेटच्या पुढे, टोक हाताच्या किंचित वर, आणि स्ट्राइकच्या वरच्या मर्यादेला. म्हणजे तुमच्या बॅटहून उंच आलेला चेंडू सोडायचा, खालच्यासाठी गुडघे वाकवायचे, बॅट नाही. चेंडूवर बॅट मारू नका, चेंडू बॅटवर झेला. आणि दोन स्ट्राइक (हुकलेले किंवा मारण्याजोगे असून सोडलेले चेंडू) झाल्यावर बंट फाउल गेला तर बॅटर बाद.

बेसवरून कधी निघायचं, कधी थांबायचं?

पहिल्या बेसवरून पळत पुढे जा, थांबू नका, उडी मारू नका. ओलांडून गेलात तरी दुसऱ्याकडे जायचा प्रयत्न केला नाही तर टॅग होत नाही. चेंडू आउटफिल्डला गेला असेल तर बेसच्या चार-पाच मीटर आधी बाहेर वळसा घ्या आणि आतल्या कोपऱ्याला पाय लावून दुसऱ्याकडे वळा.

पिचरच्या हातून चेंडू सुटण्याआधी पाय उचलला तर धावपटू बाद. म्हणून डावा पाय बेसच्या पुढच्या कडेवर, उजवा मागे, आणि पिचरचा हात खाली येत असताना झोका देऊन निघायचं. चेंडू पुन्हा पिचरकडे २.४४ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात आला की मध्येच घुटमळायचं नाही: पुढे किंवा मागे, लगेच. उंच चेंडू झेलला गेला तर बेसला पाय लावून निघायचं असतं, आणि निघायची वेळ म्हणजे चेंडू क्षेत्ररक्षकाला पहिल्यांदा लागतो तो क्षण. तो ग्लव्हमध्ये स्थिर होण्याची वाट पाहू नका.

घसरण्यासाठी बेसच्या दोन-तीन मीटर आधी बसकण मारा: एक पाय सरळ, दुसरा त्याखाली इंग्रजी चारच्या आकड्यासारखा दुमडलेला, हात वर. हात जमिनीवर टेकवले की मनगट जातं. शेवटच्या क्षणी विचार बदलून अर्धवट घसरणं हे घोटे मोडण्याचं मुख्य कारण आहे.

बॅटर तीन स्ट्राइकनंतरही पळत सुटला. असं कसं?

तिसरा स्ट्राइक कॅचरने जमिनीला लागण्याआधी पकडला नाही, आणि पहिला बेस रिकामा आहे किंवा दोन बाद आहेत, तर बॅटर पळू शकतो. कॅचरने त्याला टॅग करावं किंवा फर्स्टला फेकावं. फेकताना फाउलरेषेच्या आतून की बाहेरून ते ओरडून सांगा, नाहीतर चेंडू धावणाऱ्याच्या पाठीत बसतो.

याच्या जोडीला इनफिल्ड फ्लाय: दोनपेक्षा कमी बाद, पहिल्या-दुसऱ्यावर किंवा तिन्ही बेसवर धावपटू, आणि इनफिल्डरला सहज झेलता येईल असा उंच चेंडू (बंटचा नव्हे). अंपायरने तसं म्हटलं की झेल सुटला तरी बॅटर बाद. मुद्दाम झेल सोडून दोघांना फोर्सवर पकडण्याची चलाखी थांबवण्यासाठी हा नियम आहे. फोर्स उरत नाही, त्यामुळे धावपटूंनी घाबरून पळू नये.

दीड तासाचा सराव कसा बसवावा?

पंधरा मिनिटं अंग गरम करणं आणि पळणं, आधी फेक नाही. पंधरा मिनिटं जोडीने फेक, गुडघ्यावरून सुरू करून. वीस मिनिटं जमिनीचे आणि उंचावरचे चेंडू, दोन-तीन गटांत, कारण एका रांगेत बारा जण उभे केले तर प्रत्येकाला पाच चेंडू मिळतात. पंचवीस मिनिटं बॅटिंग: एक टीवर, एक बाजूने हळू टाकलेल्या चेंडूवर, एक जाळीत. उरलेला वेळ प्रत्यक्ष परिस्थिती: ‘एक बाद, पहिल्यावर धावपटू’ असं सांगून चेंडू मारायचा, आणि मारण्याआधी कुणालाही विचारायचं, तुझ्याकडे आला तर कुठे? उत्तराला दोन सेकंद लागले तर पुढचा चेंडू त्याच्याकडेच मारायचा.